दर पावसाळ्यात मरणारा वाइडबँड सेन्सर आणि उगाच बदललेले दोन गेज

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीला हाच रोग आहे का ते कळेल. सकाळी गाडी काढली की पहिली पाच-सात मिनिटं एअर-फ्युएल गेज (इंजिनात पेट्रोलच्या किती पट हवा जळतेय ते धुराच्या पाइपमधल्या वाइडबँड सेन्सरवरून दाखवणारा मीटर) अगदी शहाण्यासारखा वागतो. शीवच्या सिग्नलला पोहोचेपर्यंत आयडलिंगला आकडा नाचायला लागतो. १४.७, १५.९, मध्येच १७, पुन्हा १३. रेस दिली की गप्प बसतो, सोडली की पुन्हा नाच. आठवडाभर हे चालतं आणि मग एके दिवशी आकड्याच्या जागी एरर येते. सेन्सर मेला. नवा टाकला की गणपती, दिवाळी, उन्हाळा सगळं सुरळीत. जून उजाडला की पहिले पाढे पंचावन्न.

गाडी जुनी बलेनो, १.६ लिटरचं जी१६बी इंजिन, वर छोटा टर्बो आणि स्टँडअलोन ईसीयू (इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा, बाहेरून घेतलेला कॉम्प्युटर). (टर्बो आरसी बुकात आहे का, हे कृपया विचारू नका. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ मलाही पाठ आहे.) तीन पावसाळ्यांत चार सेन्सर गेले. पहिल्यांदा सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, गेज स्वस्तातला आहे, चांगला घे. घेतला. दुसऱ्यांदा म्हणाले, या कंपनीचे असेच असतात, दुसऱ्या कंपनीचा घे. तोही घेतला. तिसऱ्या जूनमध्ये मिस्त्री म्हणाला, "शेठ, आता गेज काढूनच टाका, प्लग बघून गाडी चालते." तेव्हा मात्र डोकं फिरलं आणि मी सेन्सरपासून ईसीयूपर्यंत एकेक वायर तपासायला बसलो. निघालं काय, तर तिन्ही गेज चांगले होते. चार ठिकाणी चुका होत्या आणि चारही माझ्याच.

गेज घेताना लोक त्याचं तोंड बघतात. मीही तेच केलं. ५२ मिलिमीटरचं भोक ए-पिलरच्या (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या) पॉडमध्ये तयार होतं, त्यात निळा दिवा बसतो की लाल, रात्री डोळ्यांत खुपतो का, रिंग काळी मिळेल का, यावर मी दोन रविवार घालवले. पण गेज म्हणजे नुसती खिडकी. आत सेन्सर असतो, त्याला तापवणारा आणि वाचणारा कंट्रोलर असतो आणि त्यातून ईसीयूकडे जाणारी एक वायर असते. खोटं बोलतात ते हे तिघे. बदनाम होते ती खिडकी.

सेन्सर वाइडबँडच आहे ना?

हे थोडक्यात आवरतो, कारण बहुतेकांना माहीत असतं. जुन्या गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. तो शून्य ते एक व्होल्टमध्ये बोलतो. मिश्रण बरोबर १४.७ च्या आसपास असलं की साधारण ०.४५ व्होल्ट, जरा रिच झालं (पेट्रोल जास्त, आकडा १४.७ च्या खाली) की झपकन वर, जरा लीन झालं (हवा जास्त, आकडा १४.७ च्या वर) की झपकन खाली. म्हणजे तो "जास्त" किंवा "कमी" एवढंच सांगतो, किती ते नाही. त्याच्यावर चालणारे रंगीत दिव्यांचे गेज अजूनही विकले जातात, दिवे मागे-पुढे धावतात, दिसायला झकास. पण फुल थ्रॉटलला, म्हणजे एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर, ११.५ आहे की १२.८, हे तो गेज जन्मात सांगू शकत नाही, आणि टर्बोच्या गाडीत पिस्टन वाचतो की वितळतो ते त्याच फरकावर ठरतं. मॉडिफाय गाडीला वाइडबँडच हवा, यावर वाद नाही.

वाइडबँडमध्ये बहुतेक गेजांच्या पोटी बॉशचाच सेन्सर असतो, एलएसयू ४.२ किंवा एलएसयू ४.९. आज नवा गेज घेत असाल तर ४.९ वालाच घ्या. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती तो वायरींच्या आतून ओढतो. आमच्याकडच्या एका हुशाराने पाऊस लागू नये म्हणून त्याचा कनेक्टर सिलिकॉनने लिंपून टाकला. सेन्सर गुदमरला आणि हळूहळू चुकीचं वाचायला लागला. ४.९ मध्ये ही तुलनेची हवा सेन्सर स्वतःच तयार करतो, त्यामुळे तो जास्त काळ खरं बोलतो. शिवाय दोन्हींच्या कनेक्टरमध्ये कारखान्यात त्या-त्या सेन्सरसाठी जुळवलेला एक रेझिस्टर असतो. वायर आखूड पडते म्हणून कनेक्टर कापून दुसऱ्या सेन्सरचा जोडला, तर एका माणसाचा चष्मा दुसऱ्याला लावल्यासारखं होतं. दिसतं, पण भलतंच.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांतून काढलेले हेच सेन्सर मिळतात. मी एक घेतला होता. तो किती तेल प्यायला आहे, किती पाण्यातून गेला आहे, हे काही त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. हेडलाइट, दरवाजे, सीट तिथून खुशाल घ्या, सेन्सर नको.

पहिली चूक: गेज बदलला, तक्ता नाही

ही चूक सगळ्यात महाग पडली. दुसरा गेज बसवला आणि आठ दिवसांत गाडी काळा धूर सोडायला लागली. प्लग काढले तर चारही काजळीने माखलेले, तेलाच्या काडीला पेट्रोलचा वास. मी म्हटलं, हा गेजही खोटा.

झालं होतं असं. वाइडबँडचा कंट्रोलर ईसीयूला शून्य ते पाच व्होल्टमध्ये आकडा पाठवतो. कोणत्या व्होल्टला कोणता आकडा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. इनोव्हेटच्या गेजमध्ये मूळ सेटिंगला शून्य व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि पाच व्होल्ट म्हणजे २२.३९. एईएमच्या एक्स सिरीजमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे ८.५ आणि साडेचार म्हणजे १८. आता वायरीतून २.५ व्होल्ट आले असं समजा. एईएमच्या हिशेबाने ते १३.२५ होतात, इनोव्हेटच्या हिशेबाने १४.८७. पहिला गेज इनोव्हेटच्या तक्त्याने जोडला होता. दुसरा एईएमचा लावला आणि ईसीयूमधला तक्ता तसाच ठेवला. गेजच्या काचेवर १३.२५ दिसत होतं, लॅपटॉपवर १४.८७. मी लॅपटॉपवर विश्वास ठेवला आणि पेट्रोल वाढवत गेलो.

गेज आणि लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) यांत फरक दिसला तर आधी तक्ता बघा. तक्ता बरोबर असूनही फरक राहिला, तर अर्थिंग बघा. आता त्याच्याकडे येतो, कारण पावसाळ्याशी त्याचं थेट नातं आहे.

दुसरी चूक: अर्थिंग, आणि वायपर-हेडलाइट-पंखा एकदम

सेन्सरचा हीटर चांगला भुकेला असतो. थंड असताना काही अँपिअर खातो. माझ्या मिस्त्रीने गेजची अर्थ वायर डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला गुंडाळली होती, ईसीयूची अर्थ इंजिनवर, आणि मधल्या पत्र्याला तीन थरांचा रंग. उन्हाळ्यात फरक जाणवत नव्हता. जुलैत हेडलाइट, वायपर, काच पुसायचा ब्लोअर, एसी आणि रेडिएटरचा पंखा सगळं एकदम चालू. पत्र्यातून जाणारा करंट वाढला की गेजची अर्थ आणि ईसीयूची अर्थ एका पातळीवर राहत नाहीत.

मल्टिमीटर लावून बघितलं. काळी पिन ईसीयूच्या अर्थवर, लाल पिन गेजच्या अर्थवर, गाडी चालू. सगळं बंद असताना जेमतेम ०.०२ व्होल्ट. वायपर, लाइट, पंखा चालू केला की ०.११. ऐकायला काहीच नाही. पण एईएमच्या तक्त्यात ०.१ व्होल्ट म्हणजे जवळपास पाव आकडा आणि इनोव्हेटच्या तक्त्यात ०.३. म्हणजे पाऊस पडला की लॉगमध्ये गाडी आपोआप लीन दिसायची आणि ऊन पडलं की आपोआप सुधारायची. मी इकडे हवेतल्या दमटपणावर सिद्धांत मांडत होतो.

उपाय साधा. गेजची अर्थ आणि ईसीयूची अर्थ एकाच बोल्टवर, तो बोल्ट इंजिनच्या ब्लॉकवर, खालचा रंग खरवडून, नीट थिंबल दाबून. हीटरला वेगळा फ्यूज आणि वेगळी प्लस. कंट्रोलरला सिग्नलसाठी स्वतंत्र अर्थ वायर दिलेली असेल, तर ती थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थला. नवा गेज घेताना म्हणूनच मी आता एकच प्रश्न आधी विचारतो: तो कॅन बसवर किंवा सिरीयलवर बोलतो का? आकडा व्होल्टमध्ये न जाता सरळ आकडा म्हणूनच गेला, तर अर्थिंगची आणि तक्त्याची ही दोन्ही दुखणी मुळातच संपतात. तुमच्या ईसीयूला कॅन असेल तर त्यासाठी दोन पैसे जास्त द्या, एलईडीच्या रंगासाठी देऊ नका.

तिसरी चूक: पाइपची गळती आणि मिसिंग

आता नाचणारा आकडा. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मी भुतं पळून जातात.

सेन्सरच्या अलीकडे कुठे पॅकिंग फुटलं असेल, डाउनपाइपच्या (टर्बोनंतरच्या धुराच्या पाइपच्या) वेल्डिंगला केसाएवढी चीर असेल, तर आयडलिंगला पाइपमधल्या धुराच्या ठोक्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो लीन. रेस दिली की पाइपमध्ये दाब वाढतो, हवा आत येणं थांबतं आणि आकडा खरा होतो. माझी गाडी नेमकी हेच करत होती. गाडी थंड असताना एकाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडका धरला आणि मी टर्बोच्या फ्लँजवर साबणाचं पाणी शिंपडलं. एका बोल्टपाशी बुडबुडे. पॅकिंग बदललं आणि १७ गायब झाला.

मिसिंगचं प्रकरण याहून फसवं. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर त्यातलं पेट्रोलही तसंच बाहेर येतं आणि हवाही. सेन्सरला हवा दिसते. गेज लीन दाखवतो. आपण पेट्रोल वाढवतो. प्लग आणखी भिजतो, मिसिंग आणखी वाढतं, गेज आणखी लीन दाखवतो. हा भोवरा मी स्वतः फिरून आलोय. बूस्टला, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, दाबल्यावर गाडी झटके देत असेल आणि त्याच क्षणी गेज लीन म्हणत असेल, तर पेट्रोलला हात लावू नका. आधी कॉइल बघा आणि प्लगचा गॅप कमी करा. साध्या इंजिनाला चालणारा १.१ मिलिमीटरचा गॅप टर्बोच्या दाबाला चालत नाही. मी ०.७ वर आणला आणि झटके थांबले, लीनही थांबलं.

एक गोष्ट मात्र दोष नाही. उतारावर किंवा सिग्नलच्या आधी एक्सलेटर सोडला की गेज एकदम टोकाला जातो, काही गेज तर नुसत्या रेघा दाखवतात. ईसीयूने पेट्रोल बंद केलेलं असतं, सेन्सरसमोर निव्वळ हवा. ते तसंच व्हायला हवं. मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातलेल्या गाड्यांत आयडलिंगला ताजी हवा सरळ सायलेन्सरमध्ये निघून जाते, तिथेही गेज लीन दाखवतो. त्या गाड्यांचं आयडलिंग आकड्यावर नाही, कानावर लावावं.

चौथी चूक, जिने सेन्सर मारले

वरच्या तिन्ही चुका आकडे बिघडवतात. सेन्सर मरत होता तो मात्र दुसऱ्याच कारणाने, आणि ते सापडलं ते वडिलांमुळे.

वडिलांकडे वर्षानुवर्षं डिझेल जीप होती. थंडीत हीटरचा दिवा विझल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. मी गाडी शिकलो ती त्याच जीपवर. बलेनोत गेज बसवला तेव्हा चावी ऑन केल्यावर त्याच्यावर सेन्सर तापल्याची उलटी मोजणी दिसायची. मी रोज सकाळी नेमाने ती मोजणी संपेपर्यंत थांबायचो आणि मगच सेल्फ. सेन्सरची काळजी घेतोय, या समजुतीत. एका रविवारी वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, "अरे, पेट्रोलच्या गाडीला कशाला थांबतोस?" मी म्हटलं सेन्सर तापतोय. ते म्हणाले, "तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यावर काय होतं?"

त्यांनी ते सायलेन्सरच्या तोंडातून टपटपणाऱ्या पाण्याकडे बघून विचारलं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी दूरवर गेली तर पाइप तापतो आणि ते उडून जातं. माझी गाडी घरापासून परळपर्यंत जाते, अर्धा वेळ सिग्नलला उभी. पाइप कधी पुरता तापतच नाही. रात्री तीच वाफ पाइपमध्ये थंड होऊन थेंब-थेंब साचते, पावसाळ्यात जास्तच. सकाळी मी सेन्सरची सिरॅमिक ७८० अंशांपर्यंत लालबुंद तापवायचो आणि मग सेल्फ मारायचो. पहिल्या धुराच्या झोताबरोबर साचलेलं पाणी थेट त्या सिरॅमिकवर. तडा. रोज थोडा. आणि एरर येईपर्यंत ती तडकलेली सिरॅमिक वेडेवाकडे आकडे देत राहायची.

बॉशचीही हीच सूचना आहे: पाइपमधलं पाणी निघून जाईपर्यंत सेन्सर पूर्ण तापवू नये. कंपनीच्या गाड्यांत ईसीयू हे स्वतःच सांभाळतो, इंजिन चालू झाल्यावर हीटर हळूहळू वाढवतो. बाहेरून लावलेला गेज बहुतेक वेळा करंट मिळाला की तापवायला लागतो. त्याला ना इंजिन चालू आहे हे ठाऊक, ना पाऊस.

त्यात भर म्हणजे सेन्सरची जागा. पाइपच्या बाजूला, घड्याळात तीन वाजतात तिथे बंग (सेन्सर फिरवून बसवायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड केलेला, आणि वेल्डिंग जरा तिरकं गेल्यामुळे सेन्सरचं टोक किंचित वरच. म्हणजे पाणी आपोआप सेन्सरच्या पोटात साठायला रस्ता. सेन्सर आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर उचललेला हवा, टोक खाली, म्हणजे थेंब ओघळून जातील. पाइपच्या खालच्या अंगाला तर मुळीच नको.

वेल्डरकाकांकडे गेलो. जुना बंग बुजवला, नवा दहा वाजण्याच्या जागी. बंगचे आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे. वेल्ड करताना उष्णतेने आटे वाकतात आणि मग सेन्सर बसता बसत नाही, म्हणून काकांनी माझ्याकडून मेलेला सेन्सर मागून घेतला आणि वेल्डिंग होईपर्यंत तो आत घट्ट बसवून ठेवला. मेलेला सेन्सर फेकू नका, त्याची ही शेवटची सेवा. नवा सेन्सर वेल्डिंगच्या वेळी गाडीजवळसुद्धा नको.

टर्बोपासून अंतरही बदललं. टर्बोच्या आधी सेन्सर लावायचा नाही, तिथे दाब आणि उष्णता दोन्ही जास्त, आकडाही चुकतो आणि आयुष्यही जातं. टर्बोला चिकटूनही नको. मी टर्बोच्या पुढे साधारण ७० सेंटिमीटरवर ठेवला. फार मागे नेला तर पाइप थंड राहतो आणि पाण्याचं भांडण पुन्हा सुरू. सायलेन्सरच्या टोकाला अडकवायचे क्लँपवाले सेन्सर डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) तासभर ठीक, रोजच्या गाडीत नकोत, टोकातून बाहेरची हवा आत शिरते.

मग हीटरचं वेळापत्रक. आधी हीटरची प्लस इग्निशनवरून काढून फ्युएल पंपाच्या रिलेवर घेतली. पंप चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो, इंजिन फिरायला लागलं की कायम चालतो. म्हणजे इंजिन चालू नसेल तर हीटरही नाही. सिग्नलला गाडी बंद करून चावी ऑनवर गाणी ऐकायची सवय असेल, तर तिचाही बंदोबस्त झाला. पुढे लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचा एक टायमर रिले आणला आणि मध्ये ४५ सेकंदांचा उशीर घातला. तेवढ्यात पाइपमधलं साचलेलं पाणी फुर्रकन निघून जातं. सकाळी ४५ सेकंद गेज कोरा असतो, ते चालतं. पण म्हणून सेन्सर पाइपमध्ये ठेवून हीटर कायमचा काढून टाकू नका. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो वेगळ्या पद्धतीने मरतो. गेज महिनाभर काढून ठेवायचा असेल तर सेन्सरही काढा आणि बंगला बोल्ट लावा.

हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरलं असेल तर मी आता वळसा घालतो. तापलेल्या सेन्सरवर बाहेरून उडालेलं पाणी आतल्या पाण्याइतकंच वाईट. कनेक्टर गाडीच्या पोटाखाली लोंबू देऊ नका, वर बांधा. समुद्राच्या हवेत त्याच्या पिना हिरव्या पडतात आणि आकडे हळूहळू सरकतात.

सेन्सर जिवंत आहे का, हे घरी कसं बघायचं

सेन्सर पाइपमधून बाहेर काढा, हवेत लटकवा, कशालाही टेकू देऊ नका (तो भाजतो, आणि प्लास्टिकला लागला तर डॅशबोर्डही जातो), चावी ऑन करून तापू द्या (हीटर माझ्यासारखा पंपाच्या रिलेवर घेतला असेल तर तेवढ्यापुरती त्याला थेट प्लस द्या). मोकळ्या हवेत गेजने टोकाचं लीन दाखवायला हवं. तिथेच तो १६ वर अडकला तर सेन्सर गेला. तापलाच नाही, तर आधी फ्यूज आणि हीटरची वायर.

काही गेजांना, उदाहरणार्थ इनोव्हेटच्या, मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करावं लागतं. काही नुसत्या कनेक्टरमधल्या रेझिस्टरवर भागवतात. कॅलिब्रेशन लागत असेल तर ते गॅरेजमध्ये, शेजारी कोणाची बाइक धडधडत असताना करू नका. कोरड्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, त्यावर गेज आपला हिशेब बांधतो. जुलैतल्या ३० अंशांच्या चिंब हवेत पाण्याची वाफच जवळपास चार टक्के जागा खाते, ऑक्सिजन २० च्या आसपास उरतो. म्हणून माझं कॅलिब्रेशन आता जानेवारीत होतं, इमारतीच्या गच्चीवर, सेन्सरला लांब वायर जोडून. वॉचमनला वाटतं मी काहीतरी पुजतोय.

ई२० आल्यावर आकडा का बदलला नाही

हा प्रश्न मला गेल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मग सुमारे १३.५. तरी गेज क्रूझिंगला १४.७ च दाखवतो. कारण गेज लॅम्ब्डा मोजतो, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आली ते, आणि त्याला १४.७ ने गुणून आपल्याला दाखवतो. सीएनजीला खरं तर १७.२ च्या आसपास लागतं, तिथेही पेट्रोलच्या पट्टीवर हा १४.७ च म्हणणार. गेजचं काही चुकत नाही. लॅम्ब्डा १ म्हणजे बरोबर, मग टाकीत काहीही असो.

माझी फसगत वेगळी. फुल थ्रॉटलला गाडी पूर्वी लॅम्ब्डा ०.८० ला असायची, ती ०.८३-०.८४ दाखवायला लागली. मला वाटलं पाचवा सेन्सर गेला. खरं म्हणजे मॅप (किती पेट्रोल द्यायचं तो ईसीयूतला तक्ता) ई१०, म्हणजे १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर बनवलेला होता आणि फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं न ऐकता तक्त्याप्रमाणेच पेट्रोल देतो. तेवढंच पेट्रोल, पण त्याला हवा कमी लागते, म्हणून लीन. गेज खरं सांगत होता. या वेळी मात्र पेट्रोल वाढवणंच योग्य होतं. गेजचं माप लॅम्ब्डावर बदलून घेतलं तर डोक्यातला गोंधळ निम्मा होतो, नवा गेज घेताना ती सोय आहे का ते बघा. टर्बोला बूस्टमध्ये ०.७८ ते ०.८२, साध्या इंजिनाला फुल थ्रॉटलला ०.८५ ते ०.९०, एवढी दोन मापं लक्षात ठेवली की पेट्रोलपंपावर बोर्ड काय म्हणतो याने फरक पडत नाही.

आणि फुल थ्रॉटलचे आकडे बघायला ईस्टर्न फ्रीवेवर जाऊ नका. गेजवर नजर ठेवून कोणी गाडी चालवू शकत नाही. डायनोवर जा, नाहीतर ईसीयूला लॉग करू द्या आणि घरी येऊन बघा.

सध्या गाडीत तोच दुसरा गेज आहे, ज्याला मी खोटारडा ठरवलं होतं. सेन्सर एलएसयू ४.९, दहा वाजण्याच्या जागी, ४५ सेकंद उशिराने तापणारा. दोन पावसाळे झाले, तो बदललेला नाही. गेल्या जुलैत एकदा आयडलिंगला आकडा १६ वर गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. साबणाचं पाणी मारलं, तोच बोल्ट सैल झाला होता.